रिझॉल्व्हमध्ये ग्रेड करताना प्लेबॅक अडखळतो, रेंडर मध्येच थांबतो: दोष कुठे शोधायचा?

प्रश्न असा आहे. लग्नाचे फुटेज सोनी ए7 फोर कॅमेऱ्यावर एक्सएव्हीसी एचएस (सोनीचा एच.265 फॉरमॅट) 4के, सेकंदाला 50 फ्रेम, 10-बिट 4:2:2, एस-लॉग3 (नंतर रंग देण्यासाठी मुद्दाम फिके साठवलेले लॉग चित्र) मध्ये शूट झालेले आहे. टाइमलाइन यूएचडी, 25 फ्रेमची. मशीनमध्ये रायझन 7 5800एक्स, 32 जीबी रॅम, आरटीएक्स 3060 चे 12 जीबीचे कार्ड आणि डाविंची रिझॉल्व्हची स्टुडिओ आवृत्ती. फुटेज बाहेरच्या हार्ड डिस्कवर. प्लेबॅक 8-9 फ्रेमच्या वर जात नाही, नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे दाबणारा इफेक्ट) लावले की 3-4 वर येतो. रेंडर 'जीपीयू मेमरी फुल' म्हणून थांबतो आणि जी फाइल निघते ती फिकी दिसते. मोठे ग्राफिक्स कार्ड घ्यावे का, असे विचारले आहे.

कार्डाचे पैसे आत्ता खर्च करू नका. ही सगळी लक्षणे एकत्र दिसत असली तरी त्यांची मुळे वेगवेगळी आहेत. प्लेबॅकचे मूळ फाइल उलगडण्यात म्हणजे डिकोडिंगमध्ये आहे, रेंडर थांबण्याचे ग्राफिक्स मेमरीत आहे आणि फिकेपणाचे बहुधा फाइलमध्ये नाहीच. एकाच वेळी दहा सेटिंग्ज बदलल्या तर कशाने फरक पडला हे कधीच कळणार नाही, म्हणून आधी नेमके काय कमी पडते ते वेगळे करा.

पहिली चाचणी अर्ध्या मिनिटाची आहे. कलर पेजवर शिफ्ट-डी दाबा. यामुळे सगळे ग्रेड म्हणजे रंगाचे बदल आणि फ्यूजन (रिझॉल्व्हमधला इफेक्टचा विभाग) इफेक्ट तात्पुरते बाजूला होतात. आता प्ले करून व्ह्यूअरच्या वरचा फ्रेमचा आकडा बघा. आकडा लगेच 25 वर गेला तर भार तुमच्या नोड्सचा (कलर पेजवरच्या एकेका दुरुस्तीच्या टप्प्यांचा) आहे. जवळजवळ तिथेच राहिला तर रंगाचा काही संबंध नाही, डिकोडर किंवा डिस्क मागे पडते आहे. तुमच्या वर्णनावरून दुसराच निकाल येईल. तो पक्का करायला विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा आणि ग्राफिक्स कार्डाच्या पानावर 'व्हिडिओ डिकोड' हा आलेख निवडा. क्लिप चालू असताना तो शून्यावर पडून असेल आणि प्रोसेसर धापा टाकत असेल, तर हार्डवेअर डिकोडिंग होतच नाही.

ते होत नाही याचे कारण 4:2:2, म्हणजे रंगाची माहिती किती बारकाईने साठवली ते सांगणारा आकडा (4:2:0 मध्ये ती कमी, 4:4:4 मध्ये पूर्ण). आरटीएक्स 3060 चा डिकोडर एच.265 चे 10-बिट 4:2:0 उलगडतो, 4:4:4 सुद्धा उलगडतो, पण मधले 4:2:2 त्याला येत नाही. एनव्हिडियाने ही सोय 2025 मध्ये आलेल्या आरटीएक्स 50 मालिकेत दिली. त्यामुळे 3060 काढून 3090 बसवले तरी तुमच्या या क्लिप तशाच अडखळतील. इंटेलच्या 11व्या पिढीपासूनच्या, अंगभूत ग्राफिक्स असलेल्या प्रोसेसरमध्ये क्विक सिंक ही इंटेलची डिकोडिंगची सोय एच.265 4:2:2 10-बिट हार्डवेअरवर उलगडते. ॲपलच्या एम मालिकेतही ते होते. 5800एक्स मध्ये अंगभूत ग्राफिक्स नाही, त्यामुळे सगळे ओझे त्याच्या आठ कोअरवर पडते.

त्यात भर पडते ती 50 फ्रेमची. टाइमलाइन 25 ची आहे म्हणजे निम्म्या फ्रेम टाकून दिल्या जातात, तर काम निम्मे व्हायला हवे असे वाटते. तसे होत नाही. या फॉरमॅटमध्ये फ्रेम एकमेकींच्या आधाराने साठवलेल्या असतात. एक फ्रेम दाखवायला तिच्या आधाराच्या फ्रेमही उलगडाव्या लागतात, मग त्या पडद्यावर येवोत न येवोत. पॅल मोडमध्ये (25/50 फ्रेमच्या पद्धतीत) या कॅमेऱ्याचा एक्सएव्हीसी एचएस 4के हा 25 फ्रेम देतच नाही, 50 च देतो. स्लो मोशनसाठी 50 हवे असतील तर ठीक, पण पंगतीचे आणि आहेराचे दोन तास 50 मध्ये घेण्याला अर्थ नाही.

पुढच्या शूटला दोन पर्याय. एचएस मध्येच राहायचे तर रेकॉर्ड सेटिंगमध्ये 200 मेगाबिट 4:2:2 ऐवजी 150 मेगाबिट 4:2:0 10-बिट निवडा. ते तुमचे 3060 स्वतः उलगडेल. लग्नाच्या कामात 4:2:0 ने कुठे अडत नाही, हिरव्या पडद्याचे काम असेल तर मात्र 4:2:2 हवे. दुसरा पर्याय एक्सएव्हीसी एस-आय, 4के 25 फ्रेम, 250 मेगाबिट. हे एच.264 4:2:2 असल्याने 3060 वर यालाही हार्डवेअर मदत नाही, पण प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असल्याने प्रोसेसर ते आरामात उलगडतो. मला रंगाच्या कामासाठी हा दुसरा पर्याय अधिक आवडतो. कार्डात जागा थोडी जास्त लागते, पण टाइमलाइनवर मागेपुढे सरकताना फरक हाताला जाणवतो.

हातातल्या फुटेजसाठी प्रॉक्सी म्हणजे मूळ क्लिपच्या हलक्या, कामापुरत्या प्रती बनवा. प्रोजेक्ट सेटिंग्जच्या 'मास्टर सेटिंग्ज'मध्ये प्रॉक्सीचे रिझोल्यूशन 'हाफ' आणि फॉरमॅट डीएनएक्सएचआर एचक्यूएक्स ठेवा, मग मीडिया पूलमध्ये क्लिप निवडून 'जनरेट प्रॉक्सी मीडिया'. नुसत्या कटिंगसाठी एच.264 ची 8-बिट प्रॉक्सी चालते, जागाही फार कमी घेते. पण एस-लॉग3 वर ग्रेड करायचे असेल तर 8-बिट प्रॉक्सी वापरू नका. लॉग चित्र ताणले की आकाशात आणि भिंतींवर पट्टे दिसू लागतात आणि ते मूळ फाइलमध्ये आहेत असे समजून माणूस तासभर त्यांच्याशी झगडतो. जागेचा हिशोब आधी करा: 1080 मध्ये 25 फ्रेमला एचक्यूएक्स साधारण 185 मेगाबिट खाते. तुमचे मूळ 50 चे असल्याने प्रॉक्सीही 50 चीच बनते, म्हणजे त्याच्या दुप्पट, तासाला सुमारे 165 जीबी.

प्रॉक्सीवर काम करताना एक गोष्ट लक्षात ठेवा. चित्र लहान केले की त्यातला नॉइज आपोआप दबतो. म्हणून नॉइज रिडक्शन आणि शार्पनिंग प्रॉक्सी बघून कधीही ठरवायचे नाही. त्या वेळी 'प्लेबॅक' मेनूतल्या 'प्रॉक्सी हँडलिंग'मध्ये 'प्रिफर कॅमेरा ओरिजिनल्स' करा, एका थांबलेल्या फ्रेमवर 100 टक्के झूम करून आकडे ठरवा आणि मग परत प्रॉक्सीवर या.

प्रॉक्सी बनवायच्याच नसतील तर मशीनमध्ये मोकळ्या स्लॉटवर इंटेल आर्क ए380 सारखे छोटे कार्ड केवळ डिकोडिंगसाठी बसवता येते. स्टुडिओ आवृत्तीच्या 'प्रेफरन्सेस'मध्ये 'डिकोड ऑप्शन्स'खाली इंटेल क्विक सिंकची खूण करायची, आणि 'मेमरी अँड जीपीयू'मध्ये 'ऑटो' काढून प्रक्रिया क्युडावर (एनव्हिडिया कार्डाच्या पद्धतीवर) आणि 3060 वरच ठेवायची. ही दुसरी पायरी राहिली तर रंगाचे कामही त्या छोट्या कार्डाकडे वाटले जाऊ शकते आणि सगळेच मंदावते.

डिस्कबद्दल. 200 मेगाबिट म्हणजे सेकंदाला 25 मेगाबाइट. एका क्लिपसाठी साधी फिरती हार्ड डिस्क पुरते. तीन कॅमेऱ्यांची मल्टिकॅम उघडलीत की 75 मेगाबाइट लागतात आणि तेही तीन वेगवेगळ्या जागांवरून. तिथे डिस्कचे मुंडके इकडून तिकडे उड्या मारत राहते आणि वेग कोसळतो. त्यामुळे चालू प्रोजेक्टचे फुटेज एसएसडीवर घ्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कॅश, म्हणजे तयार झालेल्या फ्रेमचा तात्पुरता साठा, कुठे जाते ते बघा. 'प्रेफरन्सेस'मधील 'मीडिया स्टोरेज'च्या यादीत जी जागा सर्वांत वर असते तिथे रिझॉल्व्ह कॅश ठेवते, प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये ती बदलता येते. यूएचडी 25 ला एचक्यूएक्स कॅश सेकंदाला सुमारे 90 मेगाबाइट मागते, म्हणजे तासाला 300 जीबीच्या वर. ही जर फुटेज असलेल्याच बाहेरच्या डिस्कवर पडत असेल तर एकाच डिस्कवर वाचणे आणि लिहिणे दोन्ही चालू राहते, आणि कॅश चालू करूनही प्लेबॅक अडखळतो तो यामुळे. कॅशला वेगळी एनव्हीएमई ड्राइव्ह द्या.

आता नोड्स. नॉइज रिडक्शनने 8 चे 3 होतात यात नवल नाही. रिझॉल्व्ह चित्रावर 32-बिट फ्लोटमध्ये काम करते. यूएचडी फ्रेममध्ये 82,94,400 पिक्सेल असतात. प्रत्येकाला चार चॅनल आणि चॅनलला चार बाइट धरले तर एक फ्रेम ग्राफिक्स मेमरीत जवळपास 133 मेगाबाइट होते. टेम्पोरल नॉइज रिडक्शनला शेजारच्या अनेक फ्रेम एकाच वेळी हाताशी लागतात, त्यातल्या हालचालीचा अंदाज घ्यावा लागतो आणि हे प्रत्येक फ्रेमसाठी नव्याने करावे लागते. हा इफेक्ट कुठल्याही नेहमीच्या मशीनवर थेट चालवायचा नसतोच, तो एकदा करून कॅश करायचा असतो.

पण कॅश टिकणे नोडच्या जागेवर अवलंबून आहे, आणि बहुतेकांचे इथेच चुकते. एखाद्या नोडवर कॅश चालू केली की त्या नोडपर्यंतचे चित्र साठवले जाते. त्याच्या आधीच्या कुठल्याही नोडमध्ये केसभर बदल केला की कॅश रद्द होते. नंतरच्या नोड्समध्ये काहीही करा, ती टिकते. नॉइज रिडक्शन शेवटच्या नोडवर असेल तर एक्स्पोजर थोडे हलवले तरी सगळी क्लिप पुन्हा कॅश होणार. म्हणून ते पहिल्या नोडवर, एकटे ठेवा. नोडवर उजवी क्लिक, 'नोड कॅश', 'ऑन'. 'प्लेबॅक' मेनूत 'रेंडर कॅश' हे 'युजर' किंवा 'स्मार्ट' असले पाहिजे, 'नन' असेल तर काहीच होणार नाही. कॅश व्हायची आहे तोवर टाइमलाइनवरची रेघ लाल राहते, झाली की निळी होते. डीफॉल्टला हात थांबल्यावर पाच सेकंदांनी कॅशिंग सुरू होते. म्हणजे सतत माउस हलवत, प्ले-पॉज करत राहिलात तर ते सुरू होणारच नाही. चहा घ्यायला उठण्यापूर्वी काम या टप्प्यावर आणून ठेवावे.

पुढची मांडणी मी अशी सुचवीन: दुसऱ्या नोडवर एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स, तिसऱ्या-चौथ्यावर त्वचा, मास्क वगैरे, आणि सर्वांत शेवटी 'कलर स्पेस ट्रान्सफॉर्म'. त्यात इनपुट एस-गॅमट3.सिने आणि एस-लॉग3, आउटपुट रेक.709 (टीव्हीचे नेहमीचे रंगमानक, पुढे नुसते 709) आणि गॅमा 2.4. लट (एलयूटी, रंग बदलण्याचा तयार तक्ता) वापरत असाल तर तोही शेवटीच. लटच्या अलीकडे हायलाइट खाली आणता येतात. लट त्याच्या 0 ते 1 च्या मर्यादेबाहेरचे मूल्य कापतो, त्यामुळे त्याच्या पलीकडे कितीही ओढले तरी शालूच्या जरीतला उडालेला पांढरा परत येत नाही.

या मांडणीचा दुसरा फायदा कॅशच्या दर्जात आहे. पहिल्या नोडवर चित्र अजून लॉगमध्ये असते, त्याची सगळी मूल्ये 0 ते 1 च्या आत बसतात, त्यामुळे एचक्यूएक्स कॅशमध्ये काही हरवत नाही. 709 मध्ये बदल झाल्यानंतर कॅश केलीत तर 1 च्या वरचे हायलाइट आणि शून्याखाली गेलेले रंग कापले जाऊ शकतात. ते टाळायला डीएनएक्सएचआर 444 किंवा 16-बिट फ्लोट फॉरमॅट लागतो आणि जागा कितीतरी वाढते. हळदीच्या कार्यक्रमात हे डोळ्यांना दिसते. हळदीचा गडद पिवळा 709 मध्ये आणला की निळा चॅनल शून्याच्या खाली जातो. परेडमध्ये (लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणाऱ्या आलेखात) निळा तळाला चिकटलेला दिसेल आणि गालावरची हळद सपाट डागासारखी होईल, तिच्यातला पोत जाईल. कलर स्पेस ट्रान्सफॉर्ममध्ये गॅमट मॅपिंग 'सॅच्युरेशन कॉम्प्रेशन' करा, आणि तरीही चिकटत असेल तर त्याच्या अलीकडच्या नोडवर फक्त पिवळ्याचे सॅच्युरेशन थोडे कमी करा. स्टेजच्या निळ्या-जांभळ्या एलईडीलाही हाच उपाय.

नॉइज रिडक्शनचे आकडे ठरवताना हात आखडता ठेवा. टेम्पोरलचे फ्रेम 2, मोशन एस्टिमेशन 'फास्टर', थ्रेशोल्ड 5 ते 8 पासून सुरुवात. क्रोमाचा (रंगाचा) आकडा लुमापेक्षा (उजेडापेक्षा) जास्त चालतो, कारण डोळ्याला खुपणारे लाल-हिरवे ठिपके तिथे असतात. लुमा फार वाढवला की चेहरे मेणाचे दिसतात. स्पेशियल भाग (एकाच फ्रेमच्या आत दाणे दाबणारा) टेम्पोरलने भागले नाही तरच लावा. आणि सगळ्या टाइमलाइनला नॉइज रिडक्शन लावण्याची सवय सोडा. दिवसाच्या उजेडातल्या विधींना त्याची गरज नसते, रात्रीच्या रिसेप्शनला असते.

रेंडर थांबतो तेव्हा तो कुठे थांबतो ते लिहून ठेवा. दोनदा रेंडर करून दोन्ही वेळा त्याच फ्रेमवर थांबला तर दोष त्या क्लिपमध्ये किंवा तिच्यावरच्या इफेक्टमध्ये आहे. दर वेळी वेगळ्या जागी थांबला तर मेमरी, तापमान किंवा ड्रायव्हर. संदेशही नीट वाचा. 'फेल्ड टू डिकोड व्हिडिओ फ्रेम' असेल तर फाइल खराब आहे किंवा फॉरमॅट झेपत नाही. ती क्लिप कॅमेऱ्याच्या कार्डावरून पुन्हा कॉपी करून बघा, अनेकदा कॉपी करतानाच गडबड झालेली असते. 'जीपीयू मेमरी फुल' असेल तर एका यूएचडी टाइमलाइनला 12 जीबी पुरायला हवेत, तेव्हा त्या जागी काय काय एकत्र आले आहे ते बघा. सुपर स्केल, मॅजिक मास्क, स्पीड वार्प, टेम्पोरल नॉइज रिडक्शन आणि वर फ्यूजनचे टायटल, यातले तीन एका क्लिपवर असले की मेमरी संपते. ब्राउझर बंद करा, तोही ग्राफिक्स मेमरी धरून बसतो. एनव्हिडियाचा गेम रेडी ड्रायव्हर असेल तर स्टुडिओ ड्रायव्हर घाला.

खात्रीचा मार्ग असा. नॉइज रिडक्शनचे सगळे नोड आधी कॅश होऊ द्या, सगळी रेघ निळी होऊ द्या. मग 'डिलिव्हर' पेजच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये 'यूज रेंडर कॅश्ड इमेजेस'वर खूण करा, 'यूज प्रॉक्सी मीडिया'वरची खूण मात्र काढलेली असल्याची खात्री करा, नाहीतर अख्खे लग्न अर्ध्या रिझोल्यूशनवरून निघेल. थेट एच.264 न काढता आधी डीएनएक्सएचआर एचक्यूएक्स मध्ये मास्टर काढा आणि त्या एका सपाट फाइलवरून एच.264 बनवा. पहिल्या फेरीत एन्कोडरचा भार नसतो आणि दुसऱ्या फेरीत ग्रेडचा. ग्राहकाने नंतर एखादे नाव दुरुस्त करायला सांगितले तर तेवढाच तुकडा मास्टरमध्ये बदलता येतो. 'स्टॉप रेंडर्स व्हेन अ फ्रेम ऑर क्लिप कॅनॉट बी प्रोसेस्ड' ही सेटिंग काही जण बंद करायला सांगतात. ती बंद केली की रेंडर पूर्ण होतो खरा, पण न झालेल्या फ्रेम तशाच बिघडलेल्या राहतात आणि ग्राहकाच्या टीव्हीवर सापडतात. ती चालूच ठेवा.

फिकेपणाकडे वळू. निघालेली फाइल त्याच प्रोजेक्टमध्ये परत आणा, टाइमलाइनवर वरच्या ट्रॅकवर बरोबर जुळवून ठेवा आणि तिचा कंपोझिट मोड 'डिफरन्स' करा. चित्र काळे झाले तर फाइल बरोबर आहे. कॉम्प्रेशनमुळे बारीक खरखर दिसेल, ती चालते. मग दोष प्लेअरचा. विंडोजवर एनव्हिडिया कंट्रोल पॅनलच्या 'ॲडजस्ट व्हिडिओ कलर सेटिंग्ज'मध्ये डायनॅमिक रेंज 16-235 वर असेल तर प्लेअरमधला काळा राखाडी दिसतो, ती 0-255 करा. मॅकवरचा क्विकटाइम प्लेअर 709 ची खूण असलेली फाइल 2.4 गॅमापेक्षा हलक्या गॅमाने दाखवतो, म्हणूनही ती फिकी भासते. त्याची भरपाई म्हणून ग्रेडच गडद करू नका, टीव्हीवर सावल्या बुडतील. डिफरन्समध्ये चित्राची स्पष्ट आकृती उरली तर मात्र डिलिव्हरमधली 'डेटा लेव्हल्स' तपासा. साध्या एच.264 साठी ती 'ऑटो' किंवा 'व्हिडिओ' असावी, म्हणजे 10-बिटमध्ये 64 ते 940.

व्ह्यूअरवरचा आकडा 25 दाखवतो, तरी पॅनचे शॉट झटके खातात, अशी तक्रार यानंतर हमखास येते. 60 हर्ट्झच्या मॉनिटरवर 25 फ्रेम समान वाटल्या जात नाहीत, 15 फ्रेम दोन-दोन वेळा आणि 10 फ्रेम तीन-तीन वेळा दाखवल्या जातात. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंग्जमध्ये मॉनिटर 50, 75 किंवा 100 हर्ट्झवर न्या, झटके तिथेच थांबतात. फाइलमध्ये काही बिघडलेले नसते.

नातेवाइकांच्या मोबाइलवरच्या क्लिप टाइमलाइनवर असतील तर त्यांचा फ्रेमरेट बहुधा बदलता असतो. आवाज हळूहळू सरकत जाणे आणि अधूनमधून फ्रेम अडकणे ही त्याची खूण. त्या क्लिप प्रोजेक्टमध्ये घेण्यापूर्वी हँडब्रेकमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' आणि 25 निवडून बदलून घ्या, मग वरचे बाकीचे उपाय त्यांनाही लागू होतात.